मुद्देमाल

१९९४ च्या पावसाळ्यात मी एका जिल्हा न्यायालयात एका वकीलसाहेबांकडे कारकुनी करत होतो. तारखा लिहून ठेवायच्या, नकलांचे अर्ज द्यायचे, पक्षकारांना टपरीवर चहा पाजून धीर द्यायचा, ही माझी कामं. आमच्याकडे तेव्हा गांजाचा एक खटला होता. आरोपी ट्रकवरचा क्लीनर, वय वीस-एकवीस. नाकाबंदीत ड्रायव्हर उडी टाकून पळाला आणि हा मागच्या फळीवर झोपलेला सापडला. अमली पदार्थांच्या कायद्यात जामीन मिळणं महाकठीण. पोरगा दोन वर्षं दहा महिने आत होता आणि वडिलांनी तोवर दोन म्हशी विकल्या होत्या.

साक्षीच्या दिवशी मुद्देमाल कोर्टात आला. सुतळीनं शिवलेलं पोतं, गाठीवर लाखेचं सील, दोन पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. पंचनाम्यात वजन २२ किलो. आमच्या साहेबांनी पुन्हा वजन करण्याची विनंती केली, न्यायाधीशांनी ती मान्य केली आणि शिपाई समोरच्या किराणा दुकानातून ताणकाटा घेऊन आला. पोतं १४ किलो भरलं. ‘माल ओला होता, वाळला,’ असं सरकारी वकील म्हणाले. गांजा वाळतो हे खरंच आहे. पण गाठीवरच्या लाखेतला ठसा आणि पंचनाम्यावरचा नमुना ठसा जुळत नव्हता. त्याच्यावर पोरगा सुटला.

घरी जाताना एसटीत मी विचार करत होतो. कोर्टापुढे प्रश्न होता, हा पोरगा दोषी आहे का? त्याचं उत्तर मिळालं. आठ किलो गांजा कुठे गेला, हा प्रश्न मात्र कोणाच्याच पुढे नव्हता. पोलिसांना तो विचारायचा नव्हता, आमचं काम झालं होतं आणि न्यायाधीशांसमोर तशी फिर्यादच नव्हती.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या एका कॅसेटवर मी ‘द फ्रेंच कनेक्शन’ पाहिला. कॅसेट इतकी घासलेली की निम्मी माणसं हिरवी दिसत होती. त्यात एका ठिकाणी पोलिस एका फ्रेंच माणसाची भलीमोठी लिंकन गाडी गॅरेजमध्ये नेऊन खोलतात. सीट फाडतात, दारं उचकटतात, काही सापडत नाही. मग एकाच्या लक्षात येतं की गाडी बोटीतून उतरली तेव्हा तिचं वजन कंपनीनं दिलेल्या वजनापेक्षा १२० पौंडांनी जास्त होतं. मेकॅनिक सांगतो, सगळं पाहिलं, फक्त दाराखालच्या पट्ट्या राहिल्या. पट्ट्या उचकटतात आणि हेरॉइनच्या पुड्या बाहेर पडतात. सिनेमात इथं माणूस टाळी वाजवतो. मी वाजवली नाही. मला आमचं पोतं आठवलं, आणि वाटलं, हा माल पुढे कुठे ठेवला असेल?

त्या प्रश्नाचा माग काढायला मला बरीच वर्षं लागली. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर रॉबिन मूरचं मूळ पुस्तक मिळालं, मुंबईला कामानिमित्त गेलो की अमेरिकन सेंटरच्या वाचनालयात बसायचो, आणि पुढे इंटरनेट आल्यावर जुन्या वृत्तपत्रांचं दार उघडलं. इंग्रजी माझं शब्दकोशावर उभं असलेलं. पण पोलिसी कागद कसा वाचायचा हे मला चांगलं ठाऊक होतं.

मूळ प्रकरण असं. ऑक्टोबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कचे दोन डिटेक्टिव्ह, एडी ईगन आणि सनी ग्रोसो, ड्यूटी संपल्यावर कोपाकबाना नावाच्या नाइट क्लबमध्ये बसले होते. तिथं एक माणूस हात सैल सोडून पैसे उधळताना दिसला. ते त्याच्या मागे गेले आणि पहाटे त्याला ब्रुकलिनमधल्या आपल्या साध्याशा दुकानापाशी उतरताना पाहिलं. हा पॅट्सी फूका. त्याच्यावर अनेक महिने पाळत ठेवली, तेव्हा धागा मार्सेयपर्यंत गेला. तुर्कस्तानातली अफू, मार्सेयच्या आसपासच्या गुप्त प्रयोगशाळा, तिथं तयार होणारं शुद्ध हेरॉइन आणि मग अमेरिका, असा तो रस्ता. ‘फ्रेंच कनेक्शन’ हे नाव या रस्त्याचं. जानेवारी १९६२ मध्ये जाक आंजेलव्हां नावाचा फ्रेंच टेलिव्हिजनवरचा एक ओळखीचा चेहरा आपली ब्युइक गाडी बोटीवर चढवून न्यूयॉर्कला आला. गाडीच्या पोकळ्यांमध्ये हेरॉइन होतं. एकंदर ११२ पौंड माल पकडला गेला, म्हणजे जवळपास ५१ किलो. तोवरची ती प्रचंड मोठी जप्ती होती. टोळीचा म्होरक्या जां जेहान निसटला. आंजेलव्हां शिक्षा भोगून मायदेशी गेला.

मूरचं पुस्तक १९६९ मध्ये आलं आणि विल्यम फ्रिडकिननं त्यावरून सिनेमा केला. फ्रिडकिन मूळचा माहितीपट करणारा. थंडीत काकडणारं, कचऱ्यानं भरलेलं न्यूयॉर्क त्यानं जसं होतं तसं टिपलं. उन्नत रेल्वेच्या पुलाखालून धावणाऱ्या गाडीचा पाठलाग तर सिनेमा न पाहिलेल्यांनाही ऐकून ठाऊक असतो. सिनेमातला पोलिस, जीन हॅकमननं केलेला पॉपाय डॉइल, सज्जन नाही. तो काळ्या वस्तीतल्या बारमध्ये घुसून सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करतो, शिव्या देतो, हात उचलतो. हॅकमनला भूमिकेतली ही पाशवी बाजू करताना जड गेलं, असं त्यानं पुढे सांगितलं आहे. पण हा डॉइल पैसे खात नाही. त्याला फक्त माल पकडायचा आहे. खरे ईगन आणि ग्रोसोही सिनेमात दिसतात: ईगननं डॉइलच्या वरिष्ठाचं काम केलं, ग्रोसोनं केंद्रीय एजंटाचं. १९७२ च्या वसंतात या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाले.

आता तारखांकडे बघा. सिनेमा न्यूयॉर्कमध्ये लागला ऑक्टोबर १९७१ च्या पहिल्या पंधरवड्यात. त्याच महिन्याच्या १८ तारखेला, त्याच शहरात, नॅप आयोगाची जाहीर सुनावणी सुरू झाली.

या आयोगाची जन्मकथा मराठी वाचकाला ‘सर्पिको’ सिनेमामुळे थोडीफार माहीत असते. फ्रँक सर्पिको आणि डेव्हिड डर्क हे दोन पोलिस खात्यातल्या लाचखोरीबद्दल वरिष्ठांची दारं ठोठावून थकले आणि शेवटी न्यूयॉर्क टाइम्सच्या डेव्हिड बर्नहॅमकडे गेले. २५ एप्रिल १९७० ला बातमी पहिल्या पानावर आली. महापौर जॉन लिंडसे यांना आयोग नेमावा लागला. अध्यक्ष व्हिटमन नॅप नावाचे वकील. फेब्रुवारी १९७१ मध्ये एका अमली पदार्थाच्या धाडीत सर्पिकोच्या चेहऱ्यावर गोळी झाडली गेली, तो वाचला आणि डिसेंबरमध्ये आयोगापुढे बोलला. पण ऑक्टोबरच्या सुनावणीत सगळ्यांच्या नजरा होत्या विल्यम फिलिप्स नावाच्या हवालदारावर. तो स्वतः पैसे खाताना पकडला गेला होता आणि आता हप्त्यांची व्यवस्था टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यांसमोर उलगडून सांगत होता.

म्हणजे संध्याकाळी न्यूयॉर्कचा रहिवासी थिएटरात बसून हेरॉइन पकडणारा पोलिस बघत होता, आणि घरी परतून बातम्यांत पैसे खाणारा पोलिस. या दोन पोलिसांची तेव्हा कोणी गाठ घालून दिली नाही.

नॅप आयोगाच्या अहवालातले दोन शब्दप्रयोग प्रसिद्ध आहेत: गवत खाणारे पोलिस आणि मांस खाणारे पोलिस. गवत खाणारे म्हणजे वाटेत येईल ते, फुकटचं जेवण, दुकानदारानं हातात कोंबलेली नोट, घेणारे. मांस खाणारे शिकारीला बाहेर पडतात. हे वर्गीकरण सगळे उद्धृत करतात, कारण ते लक्षात राहतं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो अहवालातला अमली पदार्थांवरचा भाग. जुन्या पोलिसांत एक अलिखित भेद होता: जुगाराचे पैसे स्वच्छ, हेरॉइनचे पैसे घाण. मटकेवाल्याकडून हप्ता घेणारा पोलिसही विषाच्या व्यापाऱ्याचे पैसे शिवायचा नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस हा भेद पुसला गेला. कारण उघड आहे. मटक्याचा हप्ता महिन्याचा, ठरलेला. हेरॉइनच्या धाडीत खोलीत रोकड पडलेली असते आणि साक्षीदार फक्त आरोपी. आयोगाला सापडलेली सगळ्यात मोठी अशी एक रक्कम होती ८०,००० डॉलर.

अहवाल आणखी दोन प्रकार सांगतो. एक ‘फ्लेकिंग’, म्हणजे माणसाच्या खिशात आपणच पुडी टाकून त्याला अटक करणं. दुसरा ‘पॅडिंग’, म्हणजे त्याच्याकडे सापडलेल्या मालात आपल्याकडचा थोडा घालून गुन्ह्याची प्रत वाढवणं. हे करायचं तर पोलिसाकडे स्वतःचा साठा लागतो. तो आदल्या धाडीतून मागे ठेवलेला असतो. म्हणजे एका पंचनाम्यातलं वजन कमी होतं आणि दुसऱ्यातलं वाढतं. कारकुनी केलेल्या माणसाला हे वाक्य वाचून हसूही येतं आणि पोटात गोळाही.

खात्याच्या मुकुटातलं रत्न होतं ‘स्पेशल इन्व्हेस्टिगेटिंग युनिट’. हे मोठे मासे पकडणारं विशेष पथक, साठ-सत्तर निवडक डिटेक्टिव्ह. त्यांना ठाण्याची हद्द नव्हती, रोजची हजेरी नावापुरती, कोणाच्या मागे जायचं हे तेच ठरवत. लोक त्यांना शहराचे राजपुत्र म्हणत. फ्रेंच कनेक्शनच्या यशानंतर या पथकाचा दबदबा फार वाढला. जप्तीचे आकडे मोठे, वृत्तपत्रांत फोटो, आणि आत काय चाललंय हे विचारण्याची कोणाची टाप नाही.

तर तो माल. न्यूयॉर्क पोलिसांचं मुद्देमालाचं मुख्य कोठार ४०० ब्रूम स्ट्रीट या जुन्या इमारतीत होतं. जप्त केलेली प्रत्येक वस्तू तिथं पाकीटबंद होऊन येई, वजन नोंदलं जाई, क्रमांक पडे. खटल्याच्या वेळी डिटेक्टिव्हनं यायचं, रजिस्टरवर नाव आणि बिल्ला क्रमांक घालून सही करायची, पाकीट घ्यायचं, कोर्टात दाखवायचं, परत आणून द्यायचं. आपल्याकडेही हेच चालतं. ही पद्धत एका गृहीतकावर उभी आहे: सही करणारा पोलिस आहे, आणि परत आलेल्या पाकिटात तेच आहे जे गेलं होतं.

फ्रेंच कनेक्शनचे मुख्य खटले संपून वर्षं झाली तरी माल तिथंच पडून होता. नष्ट करण्याची कोणाला घाई नव्हती. १९६९ पासून पुढे कोणीतरी डिटेक्टिव्ह म्हणून खिडकीशी येई, सही करी आणि पाकिटं घेऊन जाई. परत येणारी पाकिटं फुगलेली असत आणि वजनालाही बरोबर. त्यांत पीठ होतं.

हे उघडकीला कसं आलं? लेखापरीक्षणातून नाही, कोणा जागरूक अधिकाऱ्याच्या संशयातून नाही. पाकिटांना किडे लागले. आपल्या डब्यात मैदा जुना झाला की होतात ना, तसले तांबूस बारीक किडे. हेरॉइन किडे खात नाहीत, पीठ खातात. डिसेंबर १९७२ मध्ये पोलिस आयुक्त पॅट्रिक मर्फी यांना जाहीर करावं लागलं की फ्रेंच कनेक्शनमधलं ५७ पौंड हेरॉइन कोठारातून गायब आहे. मग एकेक पाकीट उघडलं गेलं. इतर खटल्यांचाही माल गेलेला होता. हेरॉइन आणि कोकेन मिळून आकडा चारशे पौंडांच्या घरात पोहोचला. नॅप आयोगाचा अंतिम अहवालही त्याच डिसेंबरचा.

सिनेमातली गाडी वजनानं पकडली गेली. कोठारातली चोरी वजनामुळेच लपली. ज्यानं पीठ भरलं त्याला माहीत होतं की आपले लोक फक्त काटा बघतात.

रजिस्टरवर जे नाव होतं ते विशेष पथकातल्या एका खऱ्या डिटेक्टिव्हचं होतं. तो उलटतपासणीला मिळणार नव्हता. मार्च १९७२ मध्ये, त्याच्यावर लाचेची चौकशी चालू असताना, त्याच्या गाडीत तो गोळी लागून मृत सापडला होता. नोंद आत्महत्येची झाली. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण सही त्याचीच होती हे कधी सिद्ध झालं नाही, आणि मेलेल्या माणसाच्या नावावर बिल फाडणं पोलिसी कागदात किती सोपं असतं ते मी पाहिलं आहे. व्हिन्सेंट पापा नावाचा माफियातला मोठा व्यापारी या चोरीमागे होता, असा तपास करणाऱ्यांचा कयास होता. तो दुसऱ्याच गुन्ह्यात तुरुंगात होता आणि १९७७ मध्ये अटलांटाच्या केंद्रीय तुरुंगात भोसकून मारला गेला.

इथं ईगनचीही गोष्ट सांगायला हवी. सिनेमा थिएटरांत गर्दी खेचत होता त्याच सुमारास, निवृत्तीच्या तोंडावर, त्याला खात्यानं बडतर्फ केलं. आरोप असा की जप्त केलेला माल त्यानं वेळेवर जमा केला नाही आणि कोर्टाच्या तारखांना हजर राहिला नाही. पुढे न्यायालयानं त्याचं निवृत्तिवेतन त्याला परत दिलं. मला ईगन चोर वाटत नाही. त्याच्यासारख्या माणसाला पकडापकडीतच रस असतो, पावती फाडण्याचा त्याला कंटाळा असतो. पण तो कंटाळा ज्या खात्यात कौतुकाचा विषय होतो त्या खात्यात दुसऱ्या कोणाला तरी पीठ भरायला जागा मिळते.

ब्रूम स्ट्रीटवरून गेलेला माल शहराबाहेर थोडाच गेला असेल? तो हार्लेममध्ये, ब्राँक्समध्ये, ब्रुकलिनच्या पडक्या चाळींत परत गेला. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ‘गर्द’ हा शब्द आला, अनिल अवचटांनी त्या नावाचं पुस्तक लिहिलं, १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. त्यामुळे सुईनं किंवा धुरानं पोखरलेलं घर कसं दिसतं ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. न्यूयॉर्कमध्ये अशी घरं हजारोंनी होती. त्यातल्या एखाद्या घरातल्या मुलाला पोलिसांनी पकडलेलं आणि पोलिसांच्या कोठारातून परत आलेलं विष मिळालं, ही कल्पना नाही, हिशेबच आहे.

हा माल कोणत्या वाटेनं बाहेर पडतो हे ज्यानं आतून सांगितलं तो रॉबर्ट लूची. विशेष पथकातलाच डिटेक्टिव्ह. १९७१ मध्ये निकोलस स्कोपेटा या तरुण सरकारी वकिलाशी बोलता बोलता तो फुटला आणि अंगावर छुपा ध्वनिमुद्रक बांधून वकील, जामीनदलाल, माफियाचे लोक यांच्यात वावरला. त्याची एकच अट होती: आपल्या जोडीदारांविरुद्ध बोलणार नाही. स्वतःचे म्हणून त्यानं मोजके तीन गुन्हे कबूल केले होते. साक्षी पुढे सरकल्या तसं ते तीन टिकेनात. शेवटी त्यानं सगळं ओकलं, जोडीदारांसकट. पथकातल्या सुमारे ७० पैकी ५२ जणांवर आरोपपत्र ठेवलं गेलं.

त्याच्या कबुलीतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. खबऱ्यांना हे लोक पैसे देत नसत, हेरॉइन देत. व्यसनी खबरी पहाटे फोन करायचा, अंग मोडून आलंय, उलट्या होतायत, काहीतरी द्या. डिटेक्टिव्ह गाडी काढायचा, दुसऱ्या एखाद्या गर्दुल्ल्याच्या खिशातून पुडी काढून घ्यायचा आणि याला आणून द्यायचा. यात कोणी पैसे खाल्ले नाहीत. लूचीला तर ती दया वाटत होती, आणि काही अंशी ती दया होतीही. कायद्याच्या भाषेत तो हेरॉइनची विक्री करत होता.

रॉबर्ट डेली हे मर्फी यांच्या काळात पोलिस उपायुक्त होते, जनसंपर्काचं काम पाहत. त्यांनी १९७८ मध्ये लूचीवर ‘प्रिन्स ऑफ द सिटी’ हे पुस्तक लिहिलं आणि १९८१ मध्ये सिडनी लुमेटनं त्याचा सिनेमा केला. लुमेटनंच आधी ‘सर्पिको’ केला होता. त्यात बाकीचे पोलिस एकपदरी झाले, अशी रुखरुख त्याला होती. या सिनेमात ती त्यानं फेडली. जवळपास तीन तास, शंभरावर बोलणारी पात्रं, पाठलाग नाही. बहुतेक वेळ टेबलाभोवती बसलेली माणसं आणि कागद. खबऱ्याचा तो पहाटेचा प्रसंग त्यात आहे, पावसात, अंगावर येणारा. शेवटी नायक पोलिस प्रशिक्षणशाळेत शिकवायला उभा राहतो. एक तरुण विचारतो, ते डिटेक्टिव्ह तुम्हीच का? आणि तुमच्याकडून मला काही शिकायचं नाही, असं म्हणून वर्गातून निघून जातो.

‘फ्रेंच कनेक्शन’ला लोकांनी डोक्यावर घेतलं, ‘प्रिन्स ऑफ द सिटी’ला तितकं घेतलं नाही. मी दोन्ही अनेकदा पाहिले आहेत आणि माझं मत असं की दुसरा सिनेमा हा पहिल्याचा उत्तरार्ध आहे, दिग्दर्शक वेगळा असला तरी. पहिला दाखवतो माल कसा आला. दुसरा दाखवतो तो पकडणाऱ्यांचं काय झालं. आपल्याकडे श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून तेंडुलकरांनी लिहिलेला ‘अर्धसत्य’ १९८३ चा. त्यातला वेलणकर ज्या संतापात जळतो तोही वर्दीच्या आतला. पण वेलणकरच्या गोष्टीत गुन्हेगार बाहेर आहे आणि तो बोट दाखवता येईल असा आहे. लुमेटच्या सिनेमात बोट दाखवायला गेलं की ते आपल्याच माणसाकडे वळतं.

फ्रिडकिनवर मात्र अन्याय करायला नको. चोरी उघड होण्याच्या वर्षभर आधी त्यानं सिनेमा संपवला, तरी तो विजयावर संपवला नाही. डॉइल अंधारात गोळी झाडतो आणि आपल्याच बाजूचा एजंट मारतो. मग पडद्यावर पाट्या येतात: एकाचा खटला पुराव्याअभावी निकालात निघाला, एकीची शिक्षा तहकूब, एकाची कमी, म्होरक्या कधीच सापडला नाही, दोन्ही डिटेक्टिव्हांची बदली झाली. प्रत्येक माणसाची पाटी आहे. मालाची पाटी नाही. ती १९७१ मध्ये लिहिता आलीच नसती. माल तेव्हा पिठात रूपांतरित होत होता.

एवढं झाल्यावर सरकारनं काय करायला हवं होतं? माझ्यासारखा माणूस म्हणेल, कोठाराला दुसरं कुलूप लावा. १९७३ च्या मे महिन्यात, म्हणजे चोरी जाहीर झाल्यावर पाच महिन्यांत, गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी न्यूयॉर्क राज्याच्या नव्या कायद्यावर सही केली. हेरॉइन एक औंस विकलं किंवा दोन औंस जवळ बाळगलं तर किमान १५ वर्षं, कमाल जन्मठेप. दोन औंस म्हणजे ५६-५७ ग्रॅम. शेकडो पौंडांचा हिशेब ज्यांना देता आला नव्हता त्यांनी रस्त्यावरच्या माणसासाठी औंसांचा काटा बसवला. त्या काट्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षं प्रामुख्यानं काळी आणि लॅटिनो वस्त्यांतली पोरं तोलली गेली. औंस मोजणारा पोलिसच. वजन त्याच्या पंचनाम्यातलं. आणि पॅडिंग म्हणजे काय हे नॅप अहवालात छापलेलं होतंच.

भारताचा कायदा १९८५ चा. त्यात वजनाच्या पायऱ्या आल्या २००१ मध्ये: गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोंच्या वर व्यापारी, हेरॉइन पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम. जप्त माल खटला संपायची वाट न पाहता लवकर नष्ट करता यावा म्हणून ५२-अ हे कलम १९८९ मध्येच घातलं गेलं होतं. आमचं पोतं १९९४ मध्ये तरीही ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतच होतं. मोहनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं देशभरातून माहिती मागवली, आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती टी. एस. ठाकूर आणि कुरियन जोसेफ यांनी दिलेला निकाल मी दोन वेळा वाचला. जप्तीनंतर माल तसाच पडून राहतो, त्याला पाय फुटण्याची भीती असते, नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घ्या, माल लवकर नष्ट करा, असं त्यात बजावलं आहे. ब्रूम स्ट्रीटच्या बरोबर ४३ वर्षांनंतर.

आणि २०२२ च्या नोव्हेंबरमधली मथुरेची बातमी वाचकांना आठवत असेल. दोन ठाण्यांतला मिळून ५८१ किलो गांजा उंदरांनी खाल्ला, असं पोलिसांनी न्यायालयात सांगितलं. न्यायालयानं पुरावा मागितला. सगळा देश हसला. मीही हसलो, पण मला न्यूयॉर्कचे किडे आठवले. ते किडे खरे होते आणि त्यांनी चोरी उघडी पाडली; उंदरांना मात्र कोणी साक्षीला बोलावू शकत नाही.

आमच्या त्या खटल्याच्या निकालाची नक्कल मीच काढली होती. माझ्याकडे तिची झेरॉक्स अजून आहे, फिकट झालेली. शेवटच्या परिच्छेदात आरोपीला निर्दोष सोडल्याचा आदेश आहे, जातमुचलक्याबद्दल एक ओळ आहे आणि त्याखाली नेहमीचं वाक्य: मुद्देमाल गांजा, वजन १४ किलो, अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करण्यात यावा. पंचनाम्यातल्या २२ चा उल्लेख निकालाच्या सहाव्या पानावर आहे. पोरग्याच्या वडिलांनी ती नक्कल माझ्याकडून वाचून घेतली होती. आकड्यांवर ते थांबले नाहीत. ‘दादा, ह्यात म्हशींचं काही लिवलंय का?’ एवढंच त्यांनी विचारलं आणि मी नाही म्हणालो.